बॅरिॲट्रिक सर्जरीआधी सीपॅप घेताना: रेसमेड एअरसेन्स १० ऑटोसेट आणि त्यासोबतचे मास्क

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली, स्लीप स्टडीत मध्यम किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत वारंवार श्वास अडकणं) निघाला, डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, लिहून दिलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो यंत्र कोणतं घ्यायचं याचा. या कामासाठी आम्ही रेसमेडचं एअरसेन्स १० ऑटोसेट सुचवतो. पण दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. यंत्र शस्त्रक्रियेच्या निदान चार ते सहा आठवडे आधी घरात आलं पाहिजे. आणि यंत्रावर जितका विचार कराल त्याहून जास्त मास्कवर करा. ऑपरेशनच्या आठवड्यात घाईघाईने आणलेलं यंत्र बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या कपाटात पिशवीतच राहतं, कारण टाक्यांचं दुखणं आणि नवा मास्क या दोन्हींची सवय एकाच रात्री होत नाही.

भूलतज्ज्ञ सीपॅपचा एवढा आग्रह का धरतात, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. गळ्याभोवती आणि जिभेच्या मुळाशी चरबी असेल तर तेवढ्यानेही हवेची वाट बंद होते. एरवी ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. भुलीची औषधं, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं आणि गुंगीची औषधं स्नायू आणखी सैल करतात, शिवाय हे दचकून जागं होणंही मंदावतं. त्यात शस्त्रक्रियेनंतर माणूस उताणा पडून असतो, म्हणजे श्वास अडकायला सगळ्यात वाईट स्थिती. म्हणून पहिल्या काही रात्री सीपॅप लागतं, आणि ते सवयीचं असावं लागतं.

स्लीप स्टडीच्या कागदावर एएचआय नावाचा आकडा असतो: झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा अडकला किंवा उथळ झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. हा कागद विम्यासाठीही जपून ठेवा. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे लठ्ठपणाच्या उपचारांचा खर्च पॉलिसीत वगळलेला असतो (कलम ‘एक्सक्ल ०६’), पण काही अटी पूर्ण झाल्या तर शस्त्रक्रियेला तो अपवाद मिळतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त हवा; ३५ किंवा जास्त असेल तर सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक हवा, आणि त्या यादीत तीव्र स्लीप ॲप्निया आहे. बीएमआय ३७ असलेल्या माणसाचा क्लेम कधीकधी या एका कागदावर उभा असतो. रिपोर्टमध्ये ‘सिव्हिअर’ हा शब्द आणि एएचआयचा आकडा दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहेत ना, ते तिथेच पाहून घ्या. घरी वापरायच्या सीपॅपचे पैसे मात्र बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

डबा एकच, यंत्रं वेगळी

एअरसेन्स १० च्या मालिकेत बाहेरून जवळजवळ सारखी दिसणारी बरीच यंत्रं आहेत. साधं ‘सीपॅप’ एकच ठरलेला दाब देतं आणि रात्रीची सविस्तर नोंद ठेवत नाही. ‘एलिट’ ठरलेला दाब देतं, पण नोंद चांगली ठेवतं. ‘ऑटोसेट’ प्रत्येक श्वासाकडे लक्ष ठेवून दाब स्वतः कमीजास्त करतं. त्याच ठेवणीचं ‘एअरकर्व्ह’ हे बायलेव्हल यंत्र आहे, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं; ते वेगळ्या रुग्णांसाठी. दुकानात ‘रेसमेड टेन’ एवढंच बोलून व्यवहार करू नका. खोक्यावर, यंत्राच्या लेबलवर आणि बिलावर ‘ऑटोसेट’ लिहिलेलं हवं, आणि बिलावरचा सीरियल नंबर लेबलशी जुळायला हवा.

शस्त्रक्रियेच्या रुग्णाला ऑटोसेटच का? कारण त्याचं वजन स्थिर राहणार नाही. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे यकृत आक्रसावं म्हणून कमी कॅलरीचा, कमी कर्बोदकांचा आहार देतात, तेव्हापासूनच वजन उतरायला लागतं. नंतरच्या महिन्यांत तर ते झपाट्याने घसरतं. आज १३ सेंटिमीटर दाब (हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) लागणाऱ्याला काही महिन्यांनी ९ पुरेल. ठरलेल्या दाबाचं यंत्र तेव्हाही १३ च देत राहतं. हवा पोटात जाते, पोट फुगतं, मास्क गळतो आणि माणूस वैतागून यंत्र बंद करतो. ऑटोसेट दिलेल्या मर्यादेत स्वतः खाली येतं.

ही मर्यादा हाच अनेक घरांत बिघडणारा मुद्दा आहे. यंत्राची क्षमता ४ ते २० सेंटिमीटर आहे आणि बरेच विक्रेते तेच सेटिंग ठेवून यंत्र हातात देतात. वजनदार माणसाला ४ वर हवा कमी पडल्यासारखी वाटते, जीव घुसमटतो. दाब चढेपर्यंत चार-सहा वेळा श्वास अडकून जातो. मग ‘मला सीपॅप सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. पहिल्या आठवड्याची नोंद पाहून डॉक्टरांनी किमान आणि कमाल दाब ठरवून द्यायला हवा. रॅम्प नावाची सोय झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवते. ती ‘ऑटो’वर ठेवली की यंत्र झोप लागल्याचं ओळखून मग दाब वाढवतं. रॅम्पचा सुरुवातीचा दाबही ४ च असेल तर तोही डॉक्टरांना सांगून वाढवून घ्या. ईपीआर ही सोय श्वास सोडताना दाब १, २ किंवा ३ सेंटिमीटरने उतरवते. उच्छ्वास टाकताना जोर लागतोय असं वाटणाऱ्यांना तिचा खरा उपयोग होतो.

एका गटासाठी मात्र हे यंत्र पुरेलच असं नाही. फार जास्त वजन असलेल्या काही लोकांत झोपेत श्वास अडकतोच, शिवाय दिवसासुद्धा श्वास अपुरा पडून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. रक्ततपासणीत बायकार्बोनेट २७ किंवा जास्त आलं की डॉक्टर धमनीतल्या रक्ताची तपासणी करायला सांगतात, आणि त्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ च्या वर निघाला तर बहुधा बायलेव्हलचा विचार होतो. म्हणून पैसे भरण्याआधी छातीच्या किंवा झोपेच्या डॉक्टरांना एवढं विचाराच: ‘माझं बायकार्बोनेट किती आहे? साधं ऑटो सीपॅप पुरेल का?’

मास्क: इथे घाई नको

दुकानात सरसकट फुल फेस मास्क काढून देतात, बहुधा एअरफिट एफ२०. नाक आणि तोंड दोन्ही झाकतो, म्हणजे तक्रार येणार नाही असा हिशेब. आमचं मत वेगळं आहे. नाक मोकळं असेल तर आधी नाकावरचा एन२० वापरून पाहा. त्याची चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची कड छोटी, म्हणून हवा गळायला जागा कमी. फुल फेस मास्कला बऱ्याचदा जास्त दाब लागतो आणि लोक तो लवकर सोडतात. शस्त्रक्रियेनंतरही एन२० बरा: स्लीव्ह किंवा बायपास या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांनंतर मळमळ होते, आणि तोंड झाकलेलं असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. घोट घोट पाणी घ्यायलाही मास्क काढावा लागत नाही.

नाक चोंदलेलं असेल, पडदा वाकडा असेल, तोंड उघडं टाकूनच झोप लागत असेल, तर एफ२० घ्या. पण आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. सलाईनचा फवारा किंवा ॲलर्जीवरच्या औषधानेही नाक बऱ्यापैकी मोकळं होतं. एफ२० घेतलात तर त्याची नळी पुढून झटकन सोडवायला शिका: मास्कच्या पुढच्या वाकड्या जोडाच्या (एल्बो) दोन्ही बाजूंची बटणं दाबली की नळी सुटते. खालचे पट्टे चुंबकाने बसतात, तेही एका हाताने निघतात. हॉस्पिटलात रात्री मळमळ आली तर आधी मास्क काढायचा आणि मग बेल वाजवायची, हे घरीच अंगवळणी पडू द्या. याच चुंबकांमुळे पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेल्यांनी आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांनी हा मास्क टाळावा; एन२० च्या पट्ट्यांनाही चुंबक असतात, तेव्हा तोही. चुंबक अशा उपकरणांपासून निदान १५ सेंटिमीटर दूर हवं, असा कंपनीचाच इशारा आहे. बिनचुंबकाच्या क्लिपा मागून घेता येतात.

माप दुकानात उभ्याने घेऊ नका. आडवं पडलं की गालाची आणि हनुवटीची ठेवण बदलते. पट्टे सैल ठेवून मास्क चेहऱ्यावर घ्या, आडवे व्हा, आणि यंत्राची डायल फिरवून ‘माय ऑप्शन्स’मधलं ‘रन मास्क फिट’ निवडा आणि डायल दाबा. मास्क नीट बसतोय का हे तपासणारी ही सोय सुरू होते आणि हवा येते. हवा चालू असताना मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून परत टेकवा म्हणजे सिलिकॉनची आतली पातळ कड फुगून बसते. मग पट्टे दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, सारखेच ओढा. कुशीवर वळून पाहा. पडद्यावरचा चेहरा हसरा आणि हिरवा झाला की थांबा. इथे बहुतेक लोक पट्टे आणखी आवळतात, आणि गळती तिथूनच वाढते, कारण कड दबून तिच्या घड्या पडतात. नाकाच्या हाडावर लाल वण उठत असतील तर माप चुकलंय किंवा पट्टा फार घट्ट आहे. दाढी-मिशा असलेल्यांनी माप आणखी काळजीने तपासावं. केसांवर कड बसत नाही.

सवयीसाठी पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना वीस-पंचवीस मिनिटं मास्क लावून बसा. मग दुपारच्या डुलकीला लावा, त्यानंतर रात्री. रात्री काढला गेला तर लघवीला उठल्यावर पुन्हा लावा. पुरेशा वापराचा सर्वमान्य हिशेब असा: रोज निदान ४ तास, आणि ३० पैकी २१ रात्री. शस्त्रक्रियेआधी त्याहून पुढे, संपूर्ण झोपेइतकं जाता आलं तर उत्तम.

पाणी, वीज, आवाज

यंत्राला पाण्याची टाकी जोडलेलीच असते, ३८० मिलिलिटरची. यात डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. थर धरलाच तर एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी घालून टाकी धुवा. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाका, टाकी उघडी वाळवा. मास्कची कड रोज साध्या सौम्य साबणाने, नळी आठवड्याला. उन्हात वाळवू नका, सिलिकॉन कडक होतं. ओझोनने जंतू मारणाऱ्या पेट्या विकायला ठेवलेल्या दिसतात, त्या घेऊ नका. यंत्रालाही वाईट आणि फुप्फुसालाही.

आर्द्रता १ ते ८ अशी ठरवता येते. एसी लावलेल्या थंड खोलीत पाण्याची वाफ नळीत थंड होऊन थेंब नाकावर येतात, गुळगुळ आवाज होतो. आर्द्रता एकाने कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या, किंवा तापणारी क्लायमेटलाइन नळी घ्या. ही नळी १६ ते ३० अंशांपर्यंत ठेवता येते. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता कमी लागेल, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जास्त. शस्त्रक्रियेनंतर पाणी घोटाघोटानेच मिळतं, तोंड कोरडं पडतं, तेव्हा या टाकीची किंमत कळते.

या यंत्राची खरी उणीव म्हणजे आत बॅटरी नाही. वीज गेली की हवा थांबते. इन्व्हर्टर असेल तर बेडजवळचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. अडॅप्टर ९० वॅटचा आहे, घरगुती साइनवेव्ह इन्व्हर्टरला तो जड नाही. बॅकअप कमी असेल तर आर्द्रता आणि नळीची ऊब बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तीच खाते. आवाज साधारण २७ डेसिबल, म्हणजे शेजारच्याला घोरण्यापुढे काहीच नाही. सूं असा मोठा आवाज आला तर तो यंत्राचा नव्हे, मास्कच्या गळतीचा. मागच्या बाजूचा फिल्टर महिन्याला तपासा. सहा महिन्यांनी बदला असं पुस्तिका म्हणते, पण रस्त्यालगतच्या घरात तो त्याच्या आधीच काळवंडतो आणि तेव्हाच बदलावा.

भूलतज्ज्ञांपुढे ठेवायचा कागद

हे यंत्र आम्ही पहिल्या पसंतीचं मानतो ते मुख्यतः त्याच्या नोंदीमुळे. बाजूच्या खाचेत एसडी कार्ड असतं. त्यावरून विक्रेता, डॉक्टर किंवा ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर रात्रीचा पूर्ण अहवाल काढतं. भूलपूर्व तपासणीला जाताना शेवटच्या ३० दिवसांचा अहवाल छापून न्या आणि त्यावर चार आकडे खुणा करून ठेवा. रोजचे सरासरी तास. ९५ टक्के वेळ ज्या दाबाच्या आत काम भागलं तो आकडा. गळती, जी २४ लिटर प्रति मिनिटाच्या खाली असायला हवी. आणि यंत्र लावूनही उरलेला एएचआय, जो ५ च्या खाली आला तर छान. एएचआय १५ च उरत असेल आणि गळती ४० असेल तर दाब वाढवून उपयोग नाही, आधी मास्क बदला. गळती ठीक असूनही एएचआय उतरत नसेल, त्यातही अहवालात ‘सेंट्रल’ किंवा ‘क्लिअर एअरवे’ घटना (वाट मोकळी असूनही श्वास थांबणं) जास्त दिसत असतील, तर तारीख ठरवण्याआधी झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. दाब मनाने बदलू नका. त्याचा मेनू बटणांच्या जोडीने उघडतो हे सगळीकडे लिहिलेलं आहे, तरीही नको.

दाखल होताना यंत्र, मास्क, एक जादा कड, नळी, अडॅप्टर, डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या, कारण हॉस्पिटलमध्ये प्लग उशाशी असतोच असं नाही. टाकी रिकामी करून, काढून, वेगळी ठेवा. पाणी भरलेलं यंत्र आडवं झालं की पाणी मोटरीत जातं आणि ते वॉरंटीत बसत नाही. यंत्रावर आणि मास्कवर नाव चिकटवा. दाखल होण्याआधी वॉर्डला विचारून ठेवा: रुग्णाचं स्वतःचं यंत्र चालतं का, बायोमेडिकल विभागाची तपासणी लागते का, ऑक्सिजन जोडायचा कनेक्टर त्यांच्याकडे आहे का. ऑक्सिजन जोडला तर क्रम पाळायचा: आधी यंत्र चालू, मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन, मग यंत्र. मास्क रिकव्हरी रूममध्येच मागवून घ्यावा, यासाठी सोबतच्या माणसाला तो आधी लावून दाखवा. डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर, आणि दिवसाच्या डुलकीलाही मास्क.

‘हवेच्या दाबाने आतले टाके सुटतील’ ही भीती नातेवाइकांना हमखास असते. बॅरिॲट्रिक रुग्णांवरच्या अभ्यासांत सीपॅपमुळे टाक्यांतून गळती वाढल्याचं दिसलेलं नाही. पोटात हवा जाऊन फुगल्यासारखं वाटू शकतं, ते डॉक्टरांना सांगा. कमाल दाब थोडा उतरवून ते कमी होतं.

जुनं घ्यावं का, भाड्याने घ्यावं का

भाड्याने घेतलं तर सवय होते आणि मास्कचं माप कळतं, म्हणून पहिला महिना भाड्याने आणि नंतर विकत हा मार्ग चांगला. भाड्याच्या यंत्रासोबत मास्क, नळी आणि फिल्टर नवेच हवेत. जुनं यंत्र घेताना ते एकूण किती तास चाललंय ते विक्रेत्याला मेनूत उघडून दाखवायला सांगा. स्वस्तात फिलिप्सचं पहिलं ड्रीमस्टेशन मिळत असेल तर थांबा: आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याच्या शक्यतेमुळे जून २०२१ मध्ये कंपनीने ती यंत्रं परत बोलावली होती. सीरियल नंबर तपासून दुरुस्ती झाल्याची खात्री पटल्याशिवाय हात लावू नका. एअरसेन्स ११ नवं, टचस्क्रीनचं आणि आकाराने लहान आहे, पण या कामात १० च्या फार पुढे नाही. शिवाय दोन्हींची टाकी, तापणारी नळी आणि अडॅप्टर एकमेकांना चालत नाहीत, तेव्हा सुटे भाग मागवताना मॉडेल नीट सांगा.

घरी आल्यावर वजनाबरोबर चेहराही बारीक होतो आणि नीट बसणारा मास्क दोन-तीन महिन्यांत गळायला लागतो. तेव्हा पट्टे आवळण्याऐवजी लहान मापाची कड मागवा. एन२० आणि एफ२० च्या कडा वेगळ्या मिळतात, पूर्ण मास्क घ्यावा लागत नाही. घोरणं थांबलं म्हणून यंत्र विकायला काढू नका. शस्त्रक्रियेनंतर ॲप्निया बराच कमी होतो, पण पुष्कळ जणांत थोडा उरतो, आणि घोरण्याविनाही श्वास अडकतो. वजन स्थिरावलं, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्षाने, पुन्हा स्लीप स्टडी करा. तोवर ९५ टक्क्यांचा दाब महिन्याला लिहून ठेवा. तो उतरत जाताना दिसेल, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर सगळ्यात आधी तीच यादी मागतील.